दुसऱ्या अंकाचा शेवट

नाटक कंपनीत त्याला सगळे कुजबुज्या म्हणत. हजेरीपटावर त्याचं नीट नाव-आडनाव होतं, पण मॅनेजरने ते कधी मोठ्याने वाचलं तर तो स्वतःच इकडेतिकडे बघे, कुणाला हाक मारली म्हणून.

काम प्रॉम्प्टरचं. रंगमंचाच्या उजव्या अंगाला, पहिल्या विंगेत, पडद्याच्या घडीआड त्याचं बुटकं स्टूल असे. मांडीवर नाटकाची प्रत, शेजारी कागदाची टोपी घातलेला बारका दिवा. नट अडला की त्याला शब्द पुरवायचा; आणि असा पुरवायचा की तो नटाला ऐकू जावा, पहिल्या रांगेला जाऊ नये. त्यासाठी तो रबरी तळाचे बूट घाली, प्रयोगाच्या दिवशी आंबट काही खात नसे, आणि घशात खवखवलं तर दिवसभर खडीसाखर चघळे. जाहिरातीत त्याचं नाव नसे. टाळ्या सुरू झाल्या की तो दिवा मालवून प्रत बंद करी आणि सगळे गेल्यावर रिकाम्या खुर्च्यांमधून बाहेर पडे. विंगेतून जे नाटक कायम कडेनेच दिसलं, ते समोरून कसं दिसत असेल, याचा विचार करायला त्याला तेवढाच वेळ मिळे.

ही विद्या त्याला आधीच्या म्हाताऱ्या प्रॉम्प्टरने शिकवली होती. "नट अडला की पहिला शब्द देऊ नकोस," तो म्हणे. "वाक्य ज्या शब्दावर टेकलेलं असतं तो शब्द दे. बाकीचं त्याचं तो उचलतो." पुढचा धडा मात्र म्हाताऱ्याने दिला नाही. तो बाईंनी दिला.

बाई म्हणजे कंपनीच्या मुख्य नटी. लहानथोर सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. कुजबुज्या नवखा होता तेव्हा बाई तिशी ओलांडलेल्या, आणि ऐन भरात. एका नाटकात मुलगा गेल्याची बातमी त्यांना कळते, असा प्रवेश होता. हातात पाण्याचा पेला, आणि त्या उभ्या. बोलेनात. कुजबुज्या स्टुलावरून पुढे झुकला. त्याने शब्द दिला. पुन्हा दिला, जरा जोरात. पहिल्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं.

मध्यंतरात बाई विंगेत आल्या आणि त्याच्या स्टुलावर बसल्या. तो समोर उभा, शाळेतल्या पोरासारखा.

"मी विसरले असं वाटलं तुला?"

"हो, बाई."

"मी त्या बिचारीला जरा वेळ देत होते. मुलगा गेल्याचं ऐकल्यावर कुणी लगेच तोंड उघडतं का रे?"

"नाही, बाई."

"थांबलेलं माणूस वेगळं आणि विसरलेलं वेगळं. ते ओळखायला शीक. पुन्हा माझ्या थांबण्यात पाय घातलास तर पाय मोडून हातात देईन."

त्याने कानाला खडा लावला. त्यानंतर तो प्रतीकडे कमी आणि बाईंकडे जास्त बघू लागला. बाई विसरल्या की त्यांचे डोळे हलत आणि हात थिजत. बाई थांबल्या की डोळे एका जागी असत आणि हाताची बोटं जिवंत राहत. हे त्यांच्या दिग्दर्शकाला ठाऊक नव्हतं, नवऱ्याला होतं की नाही कोण जाणे. कुजबुज्याला ते आपल्या तळहातासारखं पाठ झालं.

पण झालं असं, की विंगेत शिकलेली गोष्ट त्याने विंगेत ठेवली नाही. ती त्याच्याबरोबर घरी आली, बाजारात गेली. समोरचा बोलायचा थांबला की हा वाट बघत बसे. न जाणो, अजून काही म्हणायचं असेल. बहिणीने एकदा तिच्या कचेरीतल्या एका मैत्रिणीशी त्याची गाठ घालून दिली. चहाच्या दुकानात दोघं समोरासमोर बसली. तिने विचारलं, "तुम्हाला काय काय आवडतं?" प्रश्न चांगला होता, उत्तरही चांगलं द्यायला हवं होतं. ते त्याला सापडलं तेव्हा ती पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत पोचली होती.

आवाजही हळूहळू आटला. भाजीवाली म्हणे, "अहो दादा, जरा मोठ्यानं बोला की! मी काय तुमच्या पोटात शिरून ऐकू?" बसमध्ये कंडक्टरला तो थांब्याचं नाव दोनदा सांगे आणि तिसऱ्यांदा सांगण्यापेक्षा पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे येई.

राहायला कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक खोली. दिवसभर खालून कानशीचा आवाज येई, आणि तो थांबला की खोली एकदम मोठी वाटे. टेबल, खुर्ची, खाट. दोन कप, त्यातला एक कायम पालथा. या टेबलावर, सुट्टीच्या दिवशी आणि रोज सकाळी, जुन्या नाटकांच्या सायक्लोस्टाइल केलेल्या प्रतींच्या कोऱ्या पाठींवर तो नाटक लिहीत असे.

दिवसरात्र इतरांची वाक्यं पुटपुटता पुटपुटता एक दिवस त्याच्या तोंडात एक असं वाक्य आलं, जे कुठल्याच प्रतीत नव्हतं. "आले, आले. जरा बसू दे." कोण म्हणतंय ते त्याला कळेना. मग दिसलं. रिकामी केलेली खोली, दोरीने बांधलेली खोकी, खाली सामानाचा ट्रक येऊन हॉर्न वाजवतोय, आणि एका खोक्यावर एक बाई बसली आहे. उठत नाही. बाईचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज ओळखीचा होता. तो बाईंचा होता.

पहिल्या खर्ड्यात ती नवी नवरी होती, वडिलांचं घर सोडून निघालेली. लिहून झालं, पण घाईत शब्द टाकला तर काय होतं हे त्याने पाहिलं होतं. तो खर्डा त्याने मुरत ठेवला. बाहेर काढला तेव्हा बाईंनी नव्या नवरीची कामं सोडली होती. त्याने खोलीला हात लावला नाही, खोकी तशीच ठेवली, ट्रकही तोच; फक्त खोक्यावरच्या बाईचं वय वाढवलं. आता नवऱ्याची बदली झालेली, पदरात दोन पोरं. तेही जमून आलं, पण तोवर बाईंच्या कानशिलावर पांढरं दिसू लागलं. पुन्हा पहिल्या पानापासून. पोरं मोठी झाली, नवरा गेला. अशी ती बाई त्याच्या टेबलावर बाईंच्या मागोमाग म्हातारी होत चालली, एक पाऊल मागे.

बहीण फोनवर म्हणे, "झालं का रे ते बाळंतपण? हत्तीणसुद्धा एवढे दिवस घेत नाही."

"दुसऱ्या अंकाचा शेवट अजून बसत नाही."

"मोठ्यानं बोल!"

"दुसरा अंक," तो म्हणे.

"तुझा पहिलाच अंक सुरू व्हायची वाट बघतेय मी," ती म्हणे, आणि मग हळव्या आवाजात, "जेवलास का?"

कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. नवे नट त्याला चिडवत, "काय कुजबुज्या, नाटकातही कुजबुजच आहे की कुणी बोलतं पण?" बाई चिडवत नसत. एकदा दुपारच्या प्रयोगाआधी रंगपटात ती दोघंच होती. बाई भुवया रेखत होत्या. आरशातूनच म्हणाल्या, "अरे, सगळं नको, एक वाक्य तरी सांग. कोणाला कळणार नाही."

त्याने सांगितलं. ट्रकचा हॉर्न वाजतो, बाई उठत नाही, आणि मग म्हणते: "आले, आले. जरा बसू दे."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. वाक्य एकदा नुसतं म्हणून पाहिलं. मग डोळे मिटून, थांबून, पुन्हा म्हटलं. रंगपटात पावडरचा वास होता, बाहेर कुणीतरी नेपथ्याच्या फळ्या आपटत होतं.

"याच्या आधी मला थांबू द्यायचं," बाई म्हणाल्या. "हॉर्न झाला की मी थांबणार. माझ्या मनाला येईल तितकं. तेव्हा तुझी कुजबुज नको."

"नाही, बाई."

"मग दे की लवकर."

पुढच्याच हंगामात नवं नाटक सपशेल आपटलं. थिएटर राखून ठेवलेलं, करायला नाटक नाही. मॅनेजर तडक रंगपटात आला.

"काय हो, तुमचं ते ट्रकचं नाटक आहे ना? काढा. बाई म्हणतात तेच करू. सोमवारपासून तालीम."

नाटकातली बाई त्या वेळी बाईंच्याच वयाची होती, अगदी मापाने बेतल्यासारखी. नाटक पिशवीतच होतं. हात पिशवीच्या बंदापर्यंत गेलाही.

"दुसऱ्या अंकाचा शेवट..." तो म्हणाला. "तेवढा बसला की देतो. पुढच्या हंगामात नक्की."

"मोठ्यानं बोला हो!"

"पुढच्या हंगामात."

मॅनेजरने खांदे उडवले आणि जुनं विनोदी नाटक काढायला गेला. त्याचंही काही चुकलं नाही. त्याला सोमवारी पडदा वर न्यायचा होता. बाई आरशात बघत होत्या. आरशातूनच त्यांनी कुजबुज्याकडे पाहिलं.

"थांबलायस की विसरलायस?" त्यांनी विचारलं.

त्याने पिशवी खुंटीला अडकवली.

ज्या शेवटासाठी त्याने हे केलं, ती सगळी मिळून दोन पानं होती. वाईट नव्हती. जरा लंगडत होती, इतकंच. प्रयोगात कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

मग एका दुपारी, नेहमीच्याच एका प्रवेशात, बाई थांबल्या. कुजबुज्या सवयीने गप्प राहिला आणि मग त्याला दिसलं, की डोळे हलताहेत. बोटं थिजली आहेत. त्याने शब्द दिला, बाईंनी तो वरच्यावर झेलला. प्रेक्षागृहात कुणाला पत्ता लागला नाही. पुढच्या प्रयोगात दोन शब्द. मग वाक्यं. बाई हळूहळू पहिल्या विंगेच्या जवळ उभ्या राहून बोलू लागल्या. दिग्दर्शकाला वाटलं, प्रकाशासाठी जागा बदलली असेल. खरं काय ते दोघांनाच माहीत. आता बाईंचं प्रत्येक वाक्य आधी त्याच्या ओठांवरून जाई. लाज वाटावी इतका तो त्या हंगामात सुखात होता.

ते संपवलं बाईंनीच. एक दिवस प्रयोग झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता सगळं तूच बोलतोस, मी नुसते ओठ हलवते. पुरे झालं." सामान आवरताना त्यांनी विचारलं, "तुझी ती खोक्यावरची केवढी झाली?"

"साठीची."

"अरे बाबा, आणखी थांबलास तर मला प्रेताचंच काम द्यावं लागेल तुला. ते तरी पाठ होईल म्हणा."

तो हसला. बाई हसल्या. पिशवी खुंटीला होती. त्याने ती काढली, बाईंच्या खोक्यांतलं एक उचललं आणि दोन्ही घेऊन खाली टॅक्सीपर्यंत गेला. खोकं टॅक्सीत ठेवलं. पिशवी त्याच्याबरोबर परत आली.

बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला भाचीकडे राहायला गेल्या. नंतर कंपनीतल्या नटांच्या कानात बारकी यंत्रं आली आणि शब्द कुठल्याशा खोलीतून येऊ लागले. विंगेतलं स्टूल वीजवाल्याने पाय ठेवायला घेतलं. कागदी टोपीचा दिवा मागितल्यावर मॅनेजरने तो बिनतक्रार देऊन टाकला. त्या दिव्याखाली कुजबुज्या लिहीत राहिला. खोक्यावरची बाई सत्तरीला आली. भाचीकडे जायचं तो रोज ठरवी. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? शेवट बसला की नाटकच घेऊन जाऊ, असं त्याच्या मनात. खाली कानस चाले आणि थांबे. दुसरा कप पालथाच होता.

एका सकाळी भाचीचा फोन आला.

"तुम्ही ते... विंगेत बसायचे ते ना? आत्या हल्ली फारसं बोलत नाही. मी कोण तेही रोज सांगावं लागतं. पण मधेच विचारते, प्रॉम्प्टर कुठाय? मला वाटलं, तुम्हाला कळवावं."

त्याने फोन ठेवला, पाय बुटांत घातले आणि पिशवी उचलली. शेवट होता तसाच होता.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीशी बाई बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल. केस पार पांढरे, बारीक कापलेले. त्यांनी त्याच्याकडे सभ्यपणे पाहिलं, जसं दवाखान्यात शेजारी बसलेल्या माणसाकडे बघावं.

"बसा ना," त्या म्हणाल्या. आजवर त्यांनी त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

भाची कपड्यांच्या घड्या घालत होती. तो बाईंच्या समोर बसणार होता. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या अंगाला, जरा मागे लावली. मांडीवर पानं घेतली. आणि बाईंचं पहिलं वाक्य ज्या शब्दावर टेकलं होतं, तो शब्द पुटपुटला.

बाईंची मान जराशी वळली. चेहरा नाही, कान.

त्याने अख्खं वाक्य दिलं. बाईंनी ते घेतलं, आणि म्हटलं. त्या म्हाताऱ्या, खरखरीत आवाजात; पण वाक्य कुठे उचलायचं आणि कुठे ठेवायचं, ते तस्सं. भाचीच्या हातातली घडी हातातच राहिली. त्याने पुढचं दिलं. बाईंनी घेतलं. बाकीच्यांची कामंही तोच बोलला, मुलाचं, शेजारणीचं, हमालाचं. एका ठिकाणी बाई खुदकन हसल्या. हसायचं प्रतीत नव्हतं, पण असायला हवं होतं. इतक्या खर्ड्यांत ते त्याला सुचलं नव्हतं.

पहिल्या अंकाच्या शेवटाला हॉर्न होता. तो आता कोण वाजवणार? कुजबुज्याने खिडकीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि जन्मात केला नव्हता एवढा आवाज करून म्हणाला, "पॉंऽऽ! पॉंऽऽ!"

"अगं बाई!" भाचीच्या हातून टॉवेल पडला.

बाई हलल्या नाहीत.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कुजबुज्याने आधी डोळे पाहिले. ते अर्धे मिटलेले होते. बोटं पाहिली, ती शालीखाली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला सांगता येईना, की बाई थांबल्या आहेत की विसरल्या आहेत. शब्द त्याच्या जिभेवर आला. भाचीने त्याच्याकडे पाहिलं, भुवयांनी विचारलं, पुढे? त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. खालून एक सायकल घंटी वाजवत गेली. कुणाच्या तरी घरी नळ सुरू झाला आणि बंद झाला. इतका वेळ गेला, की भाची टॉवेल उचलायला वाकली.

"आले, आले," बाई म्हणाल्या. श्वास घेतला. "जरा बसू दे."

कुजबुज्याने पानं मांडीवर पालथी ठेवली. अक्षरं त्याला दिसत नव्हती.

बाईंनी मान वळवली. "चांगलं आहे हो. कोणी लिहिलंय?"

"आहे एक जण," तो म्हणाला. "फार सावकाश लिहितो."

"लिहू दे, लिहू दे. त्याला म्हणावं, घाई करू नकोस." आणि त्यांनी डोळे मिटले. ओठांच्या कडेला काहीतरी होतं. हसू होतं की थकवा, ते या बाजूने नीट दिसत नव्हतं.

भाची त्याला दारापर्यंत सोडायला आली. तिचे डोळे लाल झाले होते. "इतकं ती किती महिन्यांत बोलली नव्हती. अजून आहे ना पुढे? पुढच्या रविवारी याल?"

"दुसऱ्या अंकाचा शेवट..." त्याने सवयीने सुरुवात केली.

मग तो थांबला. दाराच्या फटीतून बाईंची खुर्ची दिसत होती, शालीचं एक टोक जमिनीवर आलेलं.

"उद्या येतो," तो म्हणाला. आणि भाचीने त्याला मोठ्याने बोलायला सांगितलं नाही.